जामीन देणारे जस्टिस : बद्रुद्दीन तय्यबजी

एकलहऱ्याहून नाशिकरोडला गेलं आणि पुढे जेलरोडला वळलं की मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत दिसते. मुलाकातीच्या दिवशी बाहेर बायका-पोरं बसलेली असतात. त्यात आपल्याही समाजाच्या बऱ्याच असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली, हातात कोर्टाचा कागद. मराठीत आहे सर, पण समजत नाही, जरा वाचून सांगा, असं म्हणाली. मी वाचला. तिच्या नवऱ्याला जामीन मंजूर झाला होता, आणि त्याला सहा आठवडे उलटून गेले होते. तरी माणूस आतच होता, कारण कोर्टाने सांगितलेल्या रकमेचा जामीनदार तिला मिळत नव्हता. घर भाड्याचं, नातेवाईक मजूर. तहसीलमधून सॉल्व्हन्सीचा दाखला काढून देईल असा एकही माणूस तिच्या ओळखीत नव्हता.

त्याच आठवड्यात मी वर्गात राष्ट्रीय सभा शिकवत होतो. अध्यक्षांच्या यादीत बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव आलं. पोरांनी एका ओळीत लिहून घेतलं: मद्रास, १८८७, तिसरे अधिवेशन, पहिले मुस्लिम अध्यक्ष. परीक्षेला तेवढंच विचारतात. पण माझ्या मते या माणसाचं सगळ्यात मोठं काम त्या ओळीत नाही. ते त्यांनी दहा वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात केलं, आणि ते काम जामिनाचंच होतं.

तय्यबजी साहेबांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ खंभातकडचं, धंदा व्यापाराचा. वडील मुल्ला तय्यब अली यांनी आपली मुलं शिकायला विलायतेला पाठवली. आज हे वाक्य सहज लिहून होतं, पण त्या काळी समुद्रापार जाऊन इंग्रजांच्या शाळेत बसायचं म्हटलं की आपल्या लोकांत काय काय बोललं जायचं याची कल्पना करा. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० मध्ये इंग्लंडला पोचले. मध्येच डोळ्यांनी दगा दिला. १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले.

त्याच वर्षाअखेर ते मुंबई हायकोर्टात उभे राहिले. तिथे त्यांच्याआधी एकही हिंदी बॅरिस्टर नव्हता. सगळे गोरे. बॅरिस्टरचं गणित असं, की पक्षकार थेट त्याच्याकडे येत नाही, सॉलिसिटर काम आणून देतो. आणि सॉलिसिटरही बहुतेक गोरेच. थोरले भाऊ कमरुद्दीन हे विलायतेत सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ, म्हणजे एक दरवाजा घरातच उघडा होता. पण भावाच्या कामावर वकिली चालत नाही. काही वर्षांतच तय्यबजींचं नाव मुंबईतल्या पहिल्या रांगेच्या बॅरिस्टरांत घेतलं जाऊ लागलं, ते उलटतपासणी आणि तयारीच्या जोरावर.

१८७३ मध्ये ते मुंबईच्या म्युनिसिपालिटीत गेले, १८८२ मध्ये कायदे कौन्सिलात. मधल्या काळात भावाबरोबर आणि इतर मंडळींबरोबर अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. १८७४ साली संस्था निघाली, १८८० मध्ये शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनसमोरची ती घुमटांची इमारत मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. १८९० पासून मरेपर्यंत ते अंजुमनचे अध्यक्ष होते. घरात मूळ भाषा गुजराती. पण उर्दू लिहिण्या-बोलण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि कुटुंबाच्या रोजच्या घडामोडींच्या वह्या उर्दूत लिहिल्या जाऊ लागल्या. या वह्यांना घरात अखबार म्हणायचे. मी उर्दू आणि मराठी दोन्हींत वाढलो म्हणून असेल, मला ही गोष्ट फार आवडते.

आता फौजदारी कायद्याकडे येऊ. १८८३ मध्ये व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात इल्बर्ट बिल आलं. मुद्दा साधा होता. मुफस्सलातल्या, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या कोर्टांत, एखादा हिंदी मॅजिस्ट्रेट किंवा सेशन्स जज गोऱ्या माणसावरचा फौजदारी खटला चालवू शकेल की नाही? तोपर्यंत चालवू शकत नव्हता. परीक्षा तीच, हुद्दा तोच, खुर्ची तीच, पण समोर गोरा आरोपी आला की हिंदी न्यायाधीशाचे हात बांधलेले. बिल आलं आणि गोऱ्या मळेवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी देशभर गदारोळ केला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली, तिथे तय्यबजी बोलले. शेवटी १८८४ मध्ये सरकारने तडजोड केली. हिंदी न्यायाधीशासमोर उभं राहावं लागलं तर गोऱ्या आरोपीला ज्युरी मागता येईल आणि तिच्यात निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन असतील. म्हणजे न्यायाधीशावर विश्वास नाही, चामडीवर आहे. पुढे ज्युरीचा हा रंग टिळकांच्या खटल्यात पुन्हा दिसणार होता.

या प्रकरणातून मुंबईची राजकीय माणसं जवळ आली. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी, एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८५ मध्ये तिघांच्या पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन निघाली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सभाही. १८८७ मध्ये मद्रासला तय्यबजी अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांना हे पटलं नाही. मुसलमानांनी या सभेपासून लांब राहावं असं त्यांचं मत होतं. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. तय्यबजींचं म्हणणं असं, की समाजाचे खास प्रश्न असतील तर आत राहून मांडा. मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तो विषय सभेने घेऊच नये. तसा ठरावही पुढच्या वर्षी झाला. मात्र समाजाचा विरोध वाढतोय हे पाहून सभा काही वर्षं थांबवावी, असंही त्यांनी १८८८ मध्ये सुचवलं होतं. आपल्याकडे चरित्र लिहिताना असा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. माणूस दोन्हीकडून ओढला जात होता.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टातले पहिले मुसलमान न्यायाधीश. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे हायकोर्टाचे जज राणीची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर असायचे. आजच्यासारखं संसदेत महाभियोग वगैरे संरक्षण नव्हतं. दोनच वर्षांनी त्यांच्यापुढे जे आलं ते समजून घेताना हे लक्षात ठेवलं पाहिजे.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, आजाऱ्यांना उचलत होते. लोक चिडलेले. जूनमध्ये शिवाजी उत्सव झाला आणि १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तांत आला. त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती, आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही. पुढच्याच आठवड्यात, २२ जूनला, राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला.

मारेकरी सापडत नव्हते. चापेकरांचं नाव अजून पोलिसांपर्यंत पोचलं नव्हतं. सरकार, गोऱ्यांची वर्तमानपत्रं, क्लबातली मंडळी सगळी संतापलेली. असं झालं की यंत्रणेला कुणीतरी हवा असतो. पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच कैदेत टाकलं. आणि २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. खुनाच्या आरोपाखाली नव्हे, राजद्रोहाच्या कलमाखाली, म्हणजे १८७० मध्ये दंडसंहितेत घातलेल्या १२४ अ खाली. पुरावा म्हणून केसरीतला मजकूर.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. लगेच हायकोर्टात अर्ज गेला. तिथे पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे बसले होते, त्यांनीही या टप्प्यावर जामीन दिला नाही. मग मॅजिस्ट्रेटने खटला सेशन्सकडे सोपवला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला अर्ज पुन्हा हायकोर्टात आला. या वेळी खुर्चीवर होते जस्टिस तय्यबजी. टिळकांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा.

इथे क्षणभर थांबून कोण कुणाबद्दल निर्णय देत होता ते बघा. आरोपी शिवाजी उत्सवाचा प्रवर्तक. १८९३ च्या दंग्यांनंतर गणपती उत्सवाला जे सार्वजनिक रूप आलं, त्यामुळे पुष्कळ मुसलमान त्यांच्याकडे संशयाने पाहत. खटल्यातला मजकूर अफझलखानाला मारण्याबद्दलचा. राष्ट्रीय सभेतही तय्यबजी मेहता-तेलंगांच्या नेमस्त गोटातले, टिळकांची वाट वेगळी. आणि आधी दोन न्यायाधीशांनी नाही म्हटलेलं. जामीन फेटाळायला यापेक्षा सोपी परिस्थिती कुठली असणार? कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. सरकार खूश झालं असतं.

तय्यबजींनी जामीन मंजूर केला. त्यांनी केसरीतला मजकूर बरा की वाईट यावर निकाल दिला नाही, तो प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच, की हा माणूस खटल्याच्या दिवशी हजर राहील का? राहणार हे उघड होतं. सेशन्स महिन्याभरावर. तोवर आत ठेवला आणि शेवटी निर्दोष ठरला, तर त्या महिन्याची भरपाई कोण करणार? शिवाय बचावाची तयारी करायची तर माणूस वकिलांना मोकळेपणाने भेटू शकला पाहिजे. या विचाराने त्यांनी हुकूम दिला. रक्कम मात्र त्या काळाच्या मानाने जबर होती: पन्नास हजारांचा जातमुचलका आणि पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीन. टिळकांना पैसेवाले जामीनदार मिळाले आणि ते बाहेर आले.

जामीनदार मिळाले म्हणून बाहेर आले. माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईला मी हे सांगितलं नाही, तेव्हा मला ते सुचलंही नाही. पण कायदा तिच्याही बाजूने होता. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, की गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम लावणं म्हणजे जामीन नाकारणंच. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कोर्टाने आणखी सूचना दिल्या. जामीन मिळूनही महिन्याभरात माणूस सुटला नाही, तर खालच्या कोर्टाने अटी सैल करता येतील का ते स्वतःहून बघावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील यासाठी फुकट अर्ज करून देतो. त्या बाईला कुणी हे सांगितलंच नव्हतं. वकिलाने अर्ज टाकला, रक्कम कमी झाली, माणूस घरी आला. सहा आठवड्यांत त्याची नोकरी गेली होती, ती काही परत आली नाही.

परत १८९७ कडे. खटला ८ ते १४ सप्टेंबर चालला, जस्टिस स्ट्रेची यांच्यापुढे. मधल्या महिन्यात बाहेर राहता आल्यामुळे पैसा उभा करता आला, कलकत्त्याहून बॅरिस्टर आणता आले. बंगालमधल्या लोकांनी वर्गणी जमवली. पण ज्युरीत नऊ माणसं, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. मजकूर सगळा मराठीत आणि ज्युरीपुढे ठेवलेला इंग्रजी तर्जुमा. दोन भाषांत काम करणाऱ्या माणसाला विचारा, तर्जुम्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला की काय होतं. स्ट्रेची साहेबांनी कलमाचा अर्थ असा लावला, की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. सहा जणांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. ज्युरी बरोबर चामडीच्या रेषेवर फाटली. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्या वर्षी सरकारने कलमातच दुरुस्ती करून ते आणखी रुंद केलं.

तेव्हा कुणी म्हणेल, जामिनाने काय साधलं? शिक्षा तर झालीच. हा प्रश्न वर्गात एका मुलानेही विचारला होता. शिक्षा आधी आणि खटला नंतर, असं निदान झालं नाही, एवढं मी त्याला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात याच्या उलट घडलेलं आहे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक आपलीच. त्यासाठी पकडले गेले तेही नऊ मुसलमानच. त्यांना जामीन मिळायला २०११ चा नोव्हेंबर उजाडला, तोही तपास दुसऱ्या यंत्रणेकडे गेल्यावर आणि वेगळी माणसं समोर आल्यावर. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर नवांपैकी एकजण हयात नव्हता. ही पाच वर्षं कुठल्याही निकालपत्रात शिक्षा म्हणून लिहिलेली नाहीत.

देशातल्या तुरुंगांत आज जे लोक आहेत त्यातले सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबित व्हायचा आहे. त्यांत मुसलमानांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. दलित आणि आदिवासींचंही तेच. त्यामुळे हा प्रश्न फक्त आपला म्हणून मांडू नये, तसा तो नाहीच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात एक तरतूद आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसाने जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक केस असलेले यातून वगळलेत. घरात कुणी आत असेल तर तारखा मोजा आणि वकिलाला विचारा.

तय्यबजी साहेब पुढेही नऊ वर्षं न्यायाधीश राहिले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. कोर्टात एका गोऱ्या बॅरिस्टरने राष्ट्रीय सभेबद्दल हिणवून काही म्हटलं, तेव्हा त्यांनी खुर्चीवरूनच त्याला थांबवलं. आपण त्या सभेचे अध्यक्ष होतो आणि तो मान या खुर्चीपेक्षा मोठा समजतो, हे ऐकवलं. १९०२ मध्ये काही काळ ते हंगामी मुख्य न्यायमूर्ती होते. या पदावर बसलेले ते पहिले हिंदी. १९०३ मध्ये मुंबईत मुस्लिम शिक्षण परिषद भरली, सर सय्यद यांनीच सुरू केलेली, आणि अध्यक्षस्थानी तय्यबजी. तिथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि कडक पडद्याविरुद्ध बोलायचं टाळलं नाही. स्वतःच्या मुलींना शिकवलं होतं, त्यामुळे बोलायचा हक्कही होता. बेगम राहत-उन-नफ्स यांचं नाव या सगळ्यात कुणी घेत नाही. मोठा कुटुंबकबिला, सतत पाहुणे, आणि पडद्याबाहेर येणाऱ्या पहिल्या पिढीतल्या बायकांना ऐकावं लागणारं सगळं त्यांनीच ऐकलं असणार.

ऑगस्ट १९०६ मध्ये रजेवर लंडनला असताना हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. वय ६१. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

दोन वर्षांनी, जून १९०८ मध्ये, टिळकांना पुन्हा अटक झाली. पुन्हा १२४ अ, पुन्हा केसरीतले लेख. जामिनासाठी या वेळी तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जीना उभे राहिले. खुर्चीवर होते जस्टिस दिनशा दावर, तेच, ज्यांनी १८९७ मध्ये तय्यबजींपुढे टिळकांसाठी जामीन मागितला होता आणि मिळवला होता. आता त्यांनी तो नाकारला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि कौलही सात विरुद्ध दोन असाच आला. दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, सहा दिवस कामावर गेले नाहीत. टिळकांना मंडालेला नेलं.